पाण्याखालचा गिलावा

आमच्या सासऱ्यांना कुणाच्याही घरी न्या, ते आधी भिंतीशी बोलतात, मग माणसांशी. चपला काढायच्या, बोटाचं पेर वाकवायचं, भिंतीवर टकटक करायचं आणि कान जवळ न्यायचा. भिंत भरीव वाजली की चेहरा खुलतो आणि मग "काय, कसं काय चाललंय?" अशी यजमानांची चौकशी होते. पोकळ वाजली तर चहा पितानाही त्या भिंतीकडे पाठ करून बसतात. आमच्या घराची एक भिंत पोकळ आहे. तिच्यासमोरून जाताना ते अजूनही खाकरतात.

जन्मभर त्यांनी गिलावा केला. विटांची ओबडधोबड भिंत त्यांच्या ताब्यात द्यायची आणि दाढी केलेल्या गालासारखी परत घ्यायची. बरोबरचे गवंडी त्यांना 'आरसा' म्हणत. ही थट्टा होती की कौतुक, ते त्यांनी कधी विचारलं नाही. पण कुणी 'आरसा' अशी हाक मारली की अंमळ ताठ उभे राहत, असं सासूबाई सांगायच्या.

कामाचा त्यांचा एक नियम होता. स्वतः केलेलं काम पोकळ वाजलं, तर हातोडा घेऊन आपणच पाडायचं. एकदा एका सभागृहाची अख्खी बाजू त्यांनी अशी उतरवली. रंगारी शिड्या लावून तयार होते, ठेकेदार डोकं धरून बसला होता. "अहो, कुणाला कळणार होतं?" असं मी हा किस्सा ऐकताना एकदा विचारलं.

"कळलं असतं की, सूनबाई. दोन वर्षांनी फुगलं असतं, मग दुसऱ्या कुणाला बोलावलं असतं पाडायला. आणि दुसरा माणूस आपलं काम पाडतो ना, तो फार मजा घेत पाडतो."

पुढे गुडघे कुरकुरू लागले, उजवा हात थरथरू लागला आणि परांचीवर चढणारा माणूस घरी बसला. सासूबाई गेल्यावर ह्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, त्यांना आमच्याकडे आणलं. "चार दिवस येतो," म्हणून आले. येताना ताडपत्रीची जाड पिशवी आणली. एके काळी तिच्यात थापी, रंधा, ओळंबा असायचा. आता कपडे, दाढीचं सामान आणि त्यांच्या जुन्या खोलीची किल्ली होती. ती पिशवी त्यांनी दाराच्या मागे ठेवली. कपाटातला एक कप्पा मी रिकामा करून दिला, त्यात वर्तमानपत्रही अंथरलं, पण पिशवी काही रिकामी झाली नाही. रोज तिच्यातून सदरा काढायचा, धुऊन वाळला की घडी करून पुन्हा तिच्यातच ठेवायचा.

"बघतो, पुढच्या आठवड्यात निघतो," हे त्यांचं पालुपद.

आमचंही एक पालुपद होतं. ते झाडू उचलायला वाकले की "बाबा, तुम्ही बसा." पाण्याची बादली धरली की "बाबा, बसा ना तुम्ही." एकदा मी निवडायला घेतलेली भाजी त्यांनी पुढ्यात ओढली आणि आम्ही दोघं नवरा-बायको एका सुरात म्हणालो, "बसा हो बाबा!"

"अरे, बसलेलोच आहे," ते म्हणाले. मग भाजीचं ताट माझ्याकडे सरकवून हळूच म्हणाले, "सूनबाई, हे बसण्याचं काम काही मला जमत नाही बघ. त्याचा सराव नाही."

आणि पिशवीकडे बघितलं.

त्यांनी जाऊ नये, असं घरात सगळ्यांना वाटत होतं. ह्यांना वडील एकटे राहतील याची काळजी, लेकीला आजोबा हवेत, आणि माझा तर सरळ स्वार्थ होता. मी बोलत असताना मोबाइलकडे न बघणारा आमच्या घरात हा एकच माणूस. पण थांबा थांबा म्हणून कुणी थांबत नसतं. त्याला थांबायला कारण लागतं, आणि ते आमच्याकडे नव्हतं.

ते आलं माशांच्या दुकानातून.

लेकीने हट्ट करून काचेची टाकी घेतली होती. तळाला निळ्या रंगाचे खडे, पेपरमिंटच्या गोळ्यांसारखे. वरच्या पाण्यात लाल शेपटीचे चिमुकले मासे सळसळायचे आणि तळाशी तीन मिशाळ मासे असायचे. त्यातल्या सगळ्यांत जाड्याचं नाव सासऱ्यांनी पहिल्याच दिवशी ठेवलं, मुकादम.

"दिवसभर हिंडतो, कोपऱ्याकोपऱ्यात नाक खुपसतो आणि स्वतः काडीचं काम करत नाही," ते म्हणाले. "असले मुकादम मी पुष्कळ पाहिलेत."

लेक चिडायची. आणि ती चिडावी म्हणूनच ते म्हणायचे. लेकीला ते 'साहेब' म्हणत, कारण बांधकामावर हातात काही नसताना सगळ्यांना सूचना देत फिरणाऱ्याला साहेब म्हणायची पद्धत आहे.

थोड्या दिवसांनी मुकादमाच्या मिशा आखूड दिसायला लागल्या. लेक दुकानात विचारून आली. तिथल्या बाई कपाळावर चष्मा ठेवून तोच चष्मा शोधत असतात, पण मासे त्यांना चांगले कळतात. जेवताना लेकीने त्यांचा निरोप सांगितला.

"खड्यांवर मिशा घासून झिजतात. तळाशी राहणाऱ्या माशांना वाळू लागते. बारीक आणि गोल दाण्याची. स्वच्छ धुवायची आणि दोन बोटं जाड घालायची. जास्त नको, असं म्हणाल्या त्या."

सासऱ्यांचा घास हातातच राहिला. "काय लागते म्हणालीस?"

"वाळू."

त्यांनी घास ताटात ठेवला, पाण्याचा घोट घेतला, घसा साफ केला. वरात दाराशी येऊन थांबावी तसा त्यांचा चेहरा झाला होता.

"साहेब," ते म्हणाले, "माल मी बघतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते निघाले. बाई दुकानातच पुड्यात बांधलेली वाळू विकतात, हे त्यांना सांगून काही उपयोग नव्हता. पुड्यातली वाळू म्हटल्यावर त्यांनी असा चेहरा केला, की मी गप्पच बसले. ओळखीच्या बांधकामांवर फिरून, चार ढिगांना नापास करून, पाचव्या ढिगाची वाळू त्यांनी घरी आणवली. नापास कसं करायचं तेही आम्हाला दाखवलं. मूठभर घ्यायची, कानाशी धरून चोळायची, मग मूठ उघडून तळवा बघायचा. तळवा मळला तर माती आहे. बोटांना टोचली तर दगड फोडून केलेली, ती माशाच्या कामाची नाही. "ही बघ, नदीची आहे. पाण्यात लोळून लोळून गोल झालेली. मऊ लागते का नाही?"

मऊ होती खरी. पण होती केवढी! एका टाकीसाठी दोन गोण्या.

"बाबा, मासे पाळायचेत, बंगला बांधायचा नाही," हे म्हणाले.

"माल उरला तर चालतो रे. कमी पडला की काम अडतं."

मग चाळणं सुरू झालं. त्यांची मोठी चाळणी जुन्या खोलीवर होती, म्हणून माझी पिठाची चाळणी कामाला लागली. ती गेली ती गेलीच. मग धुणं. मोरीत बादली घेऊन बसायचं, वाळू घोळायची, गढूळ पाणी ओतायचं, पुन्हा घोळायची. पाणी नितळ दिसेपर्यंत हेच. मोरीची जाळी तुंबली, पाणी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आलं, हे पायजमा वर धरून चवड्यांवर नाचले. सासरे मात्र वाकून जाळी उपसत गाणं गुणगुणत होते. ते आमच्या घरी आल्यापासून गुणगुणताना मी प्रथमच ऐकलं. त्या दिवशी "बाबा, बसा" असं कुणीही म्हणालं नाही. बसायला कोरडी जागाच नव्हती.

टाकी रिकामी केली, मासे बादलीत गेले आणि थर द्यायचा सोहळा झाला. आम्ही तिघं समोर उभे. सासऱ्यांनी डोक्याला रुमाल गुंडाळला.

"दोन बोटं हं, आजोबा," लेकीने आठवण केली.

"दोन बोटांत काय होतंय? त्या बाई दुकानदार आहेत, त्यांना थराचं काय माहीत? चार बोटं घालू. पाया भक्कम पाहिजे."

आणि मग शांतपणे, मनापासून, जन्मभराची विद्या पणाला लावून त्यांनी तो थर दिला. ओली वाळू मुठीने पसरली, लाकडी ठोकळ्याने ठोकून ठोकून बसवली, लेकीच्या कंपासपेटीतली पट्टी ओढून सपाट केली. त्यांचा थरथरणारा हात पट्टी धरल्यावर थरथरत नव्हता. शेवटी डोळा काचेच्या पातळीला नेऊन त्यांनी एका कोपऱ्याकडे अगदी किंचित उतार काढला.

"आजोबा, हा कशाला?"

"पाणी जायला."

"कुठे जायला?"

सासरे थांबले. टाकीकडे बघितलं, लेकीकडे बघितलं. हे हसू दाबायला खोकले, आणि ते खोकल्यासारखं अजिबात वाटलं नाही.

"सवय आहे गं साहेब," ते म्हणाले. "उतार नाही दिला तर रात्रीची झोप लागायची नाही मला. राहू दे."

उतार राहिला. थर हलू नये म्हणून माझी बशी ठेवून तिच्यावर बारीक धारेने पाणी सोडलं. पाणी भरल्यावर ते मागे सरून उभे राहिले. "नव्या गिलाव्यावर आठवडाभर पाणी मारत राहावं लागतं," ते म्हणाले. "एवढं पाणी आजपर्यंत माझ्या एकाही कामाला मिळालं नव्हतं."

त्या रात्री पिशवी दारामागेच होती. पण पुढच्या आठवड्याचं कुणी बोललं नाही.

आता मुकादमाची बाजू. मासे टाकीत सोडले. लाल शेपटीवाले वरच्या वर गेले. मुकादम तळाला उतरला, थोडा वेळ स्तब्ध राहिला, मग त्या आरशासारख्या सपाटीत त्याने डोळ्यांपर्यंत डोकं खुपसलं आणि वाळू उडवली.

"अरे! अरे, काम ओलं आहे अजून!" सासरे ओरडले.

मुकादमाने दुसरा खड्डा केला. त्याचे दोन्ही साथीदार मदतीला आले. संध्याकाळपर्यंत तळाला देवी आल्यासारखे खळगे पडले आणि सासरे काचेसमोर स्टूल टाकून, जबडा आवळून बसले होते.

दुसऱ्या दिवसापासून युद्ध. सकाळी उठायचं, बाह्या सारायच्या, माझं लांब दांड्याचं उलथनं टाकीत घालायचं आणि खळगे बुजवून वाळू पुन्हा दाबायची. मुकादम टाकीतल्या शोभेच्या दगडामागे जाऊन वाट बघायचा. उलथनं बाहेर आलं, की हा हजर. सासरे चांगल्या शब्दांत सांगून बघायचे, मग दरडावायचे, मग आम्हाला साक्षीला बोलवायचे. "बघ, बघ, माझ्याकडे बघत बघत उकरतोय. मुद्दाम!"

"बाबा, तो मासा आहे," हे म्हणायचे.

"मासा असला म्हणून काय झालं? शिस्त नको?"

पण दररोज दाबून दाबून वाळू खरोखरच घट्ट झाली. मुकादमाचं डोकं आत जाईना. आठवडाभरातच तळ जसाच्या तसा राहू लागला आणि सासऱ्यांनी मला हाक मारून दाखवलं, "सूनबाई, बघ. शिकला शेवटी." मी बघितलं. तळ खरंच सुंदर दिसत होता. मुकादम कोपऱ्यात, बरोबर उताराच्या टोकाला, गप्प पडून होता.

मग वास यायला लागला. आधी मला वाटलं, कचऱ्याच्या डब्यात काही राहिलं. डबा धुतला, मोरी धुतली. वास नासक्या अंड्याचा, आणि घरात अंडं नव्हतं. लेक शाळेतून आली, टाकीपाशी वाकली आणि किंचाळली. काचेला लागून वाळूच्या पोटात काळे डाग धरले होते आणि त्यातून एखादा बुडबुडा निघून वर येत होता. मुकादम वरच्या पाण्यात येऊन धापा टाकत होता. तळाचा मासा, आणि वर!

लेकीने दुकानात फोन लावला. बाईंचा आवाज खोलीभर ऐकू येत होता. "वाळू दाबली का कुणी? घट्ट केली की खाली हवा पोचत नाही, अडकलेली घाण कुजते आणि विषारी वायू धरतो. मासे काढा आधी बाहेर. तो मासाच वाळू हलवत असतो गं, त्याला उकरू दिलं नाही का?"

लेकीने फोन ठेवला. डोळे भरलेले, आणि त्या भरात आजोबांकडे वळून म्हणाली, "त्या दोन बोटं म्हणाल्या होत्या! तुम्ही फरशीच करून टाकलीत. कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

मी "अगं!" म्हणेपर्यंत शब्द जाऊन लागले होते. मासे आम्ही टाकीतल्याच पाण्यात, बादलीत काढले, हवेची नळी सोडली. सासऱ्यांनी बादलीत डोकावून मुकादमाकडे जरा वेळ बघितलं. मग दोरीवरचा सदरा काढून पिशवीत ठेवला आणि पिशवीचे बंद आवळले.

"संध्याकाळची गाडी मिळेल," ते म्हणाले. "माझं काम नाही हे. उगाच तुमच्या पायात पायात."

लेक माझ्या पदराआड हुंदके देत होती. हे कामावर होते. माझ्या मनात समजुतीचे खूप शब्द आले, आणि त्यातला एकही या माणसावर चालणार नाही, हेही कळत होतं. मी टाकीजवळ गेले, काचेवर बोटाच्या पेराने टकटक केलं आणि कान लावला.

"बाबा," मी म्हटलं, "पोकळ वाजतंय."

ते दारात थांबले.

"तुम्ही गेलात तर हे आता तुमचा मुलगा उकरणार," मी म्हटलं. "आणि तो किती मजा घेईल, ते तुम्हाला माहीत आहे."

मग पिशवी जमिनीवर टेकल्याचा आवाज आला.

"घमेलं कुठे आहे?" त्यांनी विचारलं. "उकरून देतो आणि मग जातो."

घमेलं कुठलं, पाटी दिली. त्यांनी थर फोडला तेव्हा असा भपकारा सुटला, की शेजारच्यांनी खिडकी लावून घेतली. हे कामावरून आले ते नाकाला रुमाल लावूनच आत शिरले आणि मजा घ्यायला तोंड उघडणार, तेवढ्यात मी डोळे वटारले. तोंड मिटून, बाह्या सारून तेही मोरीत बसले. बाप-लेक काळी वाळू धूत बसले, लेक बादल्या पोचवत होती, जाळी पुन्हा तुंबली. मधेच लेक आजोबांच्या कानाशी काहीतरी पुटपुटली. "हं," ते म्हणाले, "साहेब लोकांना ओरडावंच लागतं. बादली आण."

या वेळी दोन बोटं. ठोकळा नाही, पट्टी नाही. मुठीने नुसती सोडलेली वाळू, चढउतार जसे पडले तसे. सासऱ्यांना ते बघवत नव्हतं. त्यांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले आणि स्टुलावर बसले. मासे सोडले. मुकादम तळाला गेला आणि हलेना.

मग त्याच्या आखूड मिशा हलल्या. त्याने वाळूत तोंड खुपसलं, घासभर वाळू उचलली आणि ती त्याच्या दोन्ही कल्ल्यांमधून बारीक धारेने खाली सांडली. खायचं तेवढं तोंडात राहिलं. पुन्हा घास, पुन्हा धार.

सासरे पुढे वाकले. चष्मा काचेला टेकला.

"अरे, हा तर चाळतोय," ते म्हणाले.

पुन्हा धार पडली.

"चाळणारा माणूस आहे हा! आपल्या धंद्यातला. आणि मी त्याला मुकादम समजून..." ते माझ्याकडे वळून म्हणाले, "सूनबाई, त्याचं कामच काढून घेतलं होतं की गं आपण. बस म्हणून सांगितलं त्याला."

ह्यांनी आणि मी एकमेकांकडे बघितलं, आणि लगेच दुसरीकडे बघितलं.

गाडीची वेळ टळून गेली होती. तो विषय कुणीच काढला नाही. मी मोरी धुवायला गेले तर उरलेली वाळू समोर, चांगली गोणीभर. "ही आता टाकून देऊ खाली बागेत," मी म्हटलं.

"टाकून?" सासरे ताडकन उठले. "चाळलेली, दोनदा धुतलेली वाळू? त्याला अधूनमधून बदलायला लागेल. वाळवून नीट ठेवायची."

"पण ठेवायची कशात? गोणी तर कुजली."

त्यांनी इकडे तिकडे बघितलं. पिंप भरलेलं, बादल्या हव्यात, माझ्या डब्यांकडे त्यांची नजर वळलेली पाहून मी आडवी आले. वाळू गच्चीत वाळत होती तोवर ते विचारात होते. दुसऱ्या दिवशी दुपारी मी कपाट उघडलं, तर वर्तमानपत्र अंथरलेल्या कप्प्यात चार सदरे, तीन धोतरं, दाढीचं सामान आणि एक किल्ली. घड्या त्यांच्या हातच्या, कडा अगदी ओळंब्यात.

ताडपत्रीची पिशवी दारामागेच होती. बंद आवळलेले, तुडुंब भरलेली. ह्यांनी ती जरा बाजूला सरकवायला म्हणून उचलायला घेतली आणि कंबर धरून खाली बसले.

"राहू दे," सासरे स्टुलावरून म्हणाले. त्यांची नजर टाकीवरच होती. "ती आता हलायची नाही."

हल्ली त्यांचं रोजचं काम ठरलेलं आहे. एका बारीक काडीने ते वाळू इथे तिथे हलकेच टोचतात, खाली हवा राहावी म्हणून. मुकादमाच्या मिशा वाढताहेत. त्याचं नाव बदलून 'आरसा' ठेवू या, असं लेकीने सुचवलं होतं. सासऱ्यांनी साफ नाही म्हटलं.

"आधी त्याला एक तरी कोपरा सपाट करून दाखवू दे," ते म्हणाले.